भीतीचे तिकीट

२०२४ सालच्या स्वातंत्र्यदिनाची गोष्ट. आमच्या शाळेच्या पटांगणात ध्वजवंदन झाले, पाहुण्यांचे भाषण झाले आणि लाडूवाटपाची वेळ आली, तेव्हा अकरावीच्या रांगेत सात-आठ जागा रिकाम्या असल्याचे आमच्या ध्यानात आले. भाषण सोडून पळालेली मुले आम्ही आजवरच्या नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत. लाडू सोडून पळालेली ही पहिलीच. दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. ‘स्त्री’ या हिंदी भयपटाचा दुसरा भाग त्याच दिवशी प्रदर्शित झाला होता आणि पहिल्या खेळाची तिकिटे या मंडळींनी आधीच काढून ठेवली होती. त्यांत दोन मुलीही होत्या.

शिक्षा करावी म्हणून आम्ही त्यांना खोलीत बोलावले खरे. परंतु शेवटी तासभर त्यांचेच ऐकत बसलो. पहिला भाग अधिक चांगला होता, यावर सर्वांचे एकमत होते. मग दुसरा पाहिलात कशाला, असे विचारले, तर न पाहून कसे चालेल, यावरही सर्वांचे एकमत! एकाने सांगितले, की धडावेगळे मुंडके उडत येते ते संगणकावर केलेले आहे हे कळते, त्याची काही भीती वाटत नाही. भीती वाटते ती ते येण्याच्या आधी सारे शांत होते तेव्हा. दुसरा म्हणाला, “सर, घरी मोबाइलवर एकट्याने भुताचा चित्रपट पाहिला, की रात्री पाणी प्यायलाही उठवत नाही. टॉकीजमध्ये तीनशे माणसे एकदम किंचाळतात आणि लगेच एकदम हसतात. भीती तिथेच संपते, आपल्याबरोबर घरी येत नाही.” साहित्यशास्त्राच्या वर्गात भयानक रस आम्ही अनेकदा शिकविला आहे, पण इतक्या थोड्या शब्दांत तो आम्हांस सांगता आला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

सर्वांत शेवटी एक मुलगी बोलली. पहिला भाग तिने लहानपणी घरीच पाहिला होता. त्यात गावातल्या आया आपल्या तरण्या मुलग्यांना बजावतात, की अंधाराच्या आत घरी ये, एकटा फिरू नकोस. “तेव्हा मी आणि आई पोट धरधरून हसत होतो, आणि बाबा व दादा गप्प होते,” असे ती म्हणाली. आम्हीही गप्पच झालो.

ज्या वाचकांनी हे चित्रपट पाहिले नसतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. अमर कौशिक यांनी दिग्दर्शित केलेला ‘स्त्री’ ऑगस्ट २०१८ मध्ये आला. कथा घडते ती आपल्या मध्य प्रदेशातील चंदेरी गावी, जिथल्या लुगड्यांची घडी आपल्या घराघरांतील पेट्यांत आजही सापडेल. चित्रणही चंदेरीला आणि आपल्या भोपाळात झाले. उत्सवाच्या चार रात्री एक अतृप्त स्त्री गावात फिरते, एकट्या सापडलेल्या पुरुषाला नावाने हाक मारते आणि त्याला उचलून नेते. मागे उरतात ती केवळ त्याची वस्त्रे. म्हणून घराघरांच्या भिंतींवर तिला उद्या येण्याची विनंती लिहिलेली असते. ती रोज येते, रोज वाचते आणि रोज परत जाते! दुसऱ्या भागात ‘सरकटा’ नावाचे शिर नसलेले पिशाच येते, आणि ते नेते स्वतंत्र विचारांच्या मुलींना. या दुसऱ्या भागाने देशात पाचशे कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळविले. म्हणजे लाडू सोडून पळालेली मुले केवळ आमच्याच शाळेतील नव्हती.

भिंतीवरच्या त्या विनंतीची कल्पना मात्र चंदेरीची नव्हे. १९९०च्या दशकात कर्नाटकात अशी वदंता पसरली होती, की रात्री एक चेटकीण दार ठोठावते आणि ओळखीच्या आवाजात हाक मारते. लोकांनी दारांवर कानडीत ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवले होते. आम्हांस हे वाचताना आमच्या आजीची आठवण झाली. तिच्या लेखी तीच ती हाकामारी! “रात्री कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही,” असे ती आम्हां भावंडांना निक्षून सांगे. मुंजा, हडळ, खवीस, ब्रह्मसमंध, चकवा ही सारी मंडळी तिच्याबरोबर विदर्भातून भोपाळास आली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कुटुंबे फायलींच्या पाठोपाठ इकडे आली, त्यांतलेच आमचे एक. सरकारी बदलीच्या हुकमात भुतांचा उल्लेख नव्हता. परंतु ती आली, आणि टी. टी. नगरच्या सरकारी घरामागच्या पिंपळावर आजीने मुंज्याची सोय लावून दिली.

आज तो मुंजाही पडद्यावर गेला आहे. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ जून २०२४ मध्ये, ‘स्त्री’च्या दुसऱ्या भागाच्या दोनच महिने आधी, त्याच निर्मात्यांनी आणला. मुंज होऊन लग्नाआधीच मेलेल्या मुलाचे हे कोकणातले पिशाच हिंदी प्रेक्षकांनी आनंदाने पाहिले. त्याही आधी, १९९३ साली, महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’ काढला. रामदास पाध्ये यांच्या हातचा तात्या विंचू हा बाहुला मराठी मुलांच्या मनात असा काही बसला, की बरोबर वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याचा दुसरा भाग त्रिमितीत आला आणि पूर्वी घाबरलेली मुले आता आपल्या मुलांना घाबरवावयास घेऊन गेली.

हे पुन्हा पुन्हा येणे हाच भयपटांचा धर्म दिसतो. अमेरिकेत चाकू घेऊन तरुणांच्या मागे लागणाऱ्या मुखवटाधारी खुन्यांचे चित्रपट निघतात. ‘हॅलोवीन’ १९७८ साली आला. त्या नावाची मालिका २०२२ पर्यंत तेरा चित्रपटांवर गेली. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या मालिकेतील चौथ्या चित्रपटाला १९८४ साली ‘शेवटचा अध्याय’ असे नाव दिले होते. पुढल्याच वर्षी पाचवा आला, त्याचे नाव ‘नवा आरंभ’! तिकडचे रसिक अशा नावांना हसतात, आधीच्या भागाशी तुलना करून नाके मुरडतात, आणि पुन्हा रांगेत उभे राहतात. आमच्या अकरावीच्या मुलांहून त्यांचे काही वेगळे नाही.

आणि आपल्याला तरी यात नवल वाटण्याचे कारण काय? उज्जयिनीच्या विक्रमराजाची म्हणून जी वेताळपंचविशी आपण ऐकत आलो, तिची रचना दुसरी कोणती आहे? राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजा मौन सोडतो आणि वेताळ पुन्हा झाडावर! अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ही माळ आली आहे. वेताळ परत जाणार हे श्रोत्याला ठाऊक असते. तरीही तो उठून जात नाही. कारण ओळखीची भीती ही निम्मी भीती आणि निम्मी सोबत असते.

येथवर सारे विनोदाने लिहिले. आता जे लिहावयाचे आहे, ते विनोदाने लिहिता येणार नाही.

१९८४ साली आम्ही शाळकरी होतो. त्या काळी रामसे बंधूंच्या भयपटांचा बोलबाला होता. त्यांचा ‘पुराना मंदिर’ त्याच वर्षीचा. आम्ही आणि आमचा आतेभाऊ घरी खोटे सांगून रामसे बंधूंचा एक चित्रपट पाहून आलो. पुढे आठवडाभर आम्ही दिवा मालवू दिला नाही. आजीने ओळखले, पण वडिलांना सांगितले नाही. तिने आमच्या कपाळाला अंगारा लावला आणि हाकामारीचा नियम पुन्हा एकदा घोकून घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी २ आणि ३ डिसेंबरच्या मधली ती रात्र आली. जुन्या शहरालगतच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. आम्ही नव्या भोपाळात, तलावाच्या अलीकडे, म्हणून वाचलो. उत्तररात्री रस्त्यावर पावलांचा आणि खोकण्याचा आवाज सुरू झाला. मग आमच्या दारावर थापा पडल्या. कोणी हाक मारीत होते. काय घडले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही आजीच्या पदराला धरून म्हटले, “आजी, ओ देऊ नकोस.” आजी उठून बसली. वडिलांना म्हणाली, “दार उघड. माणसं आहेत ती.”

दाराशी एक बाई होती, कडेला मूल, आणि मागे आणखी पाच-सात माणसे. कोणाला डोळे उघडवत नव्हते. आईने माठातले सारे पाणी त्यांच्या डोळ्यांसाठी ओसरीवर आणून ठेवले. ते लोक सकाळपर्यंत तिथे बसले आणि मग रुग्णालयाकडे गेले. त्यांचे पुढे काय झाले, हे आम्हांस कधीच कळले नाही. त्या दुर्घटनेत या शहरातील हजारो माणसे गेली. आम्ही त्यानंतर कित्येक वर्षे भयपट पाहिला नाही. पडद्यावरचे भूत आम्हांस घाबरवीनासे झाले होते, असे नव्हे. तर भीतीसाठी कोणी पैसे देतो, याचाच आम्हांस राग येत असे.

खऱ्या भीतीचेही पुढचे भाग निघतात. फक्त त्यांची जाहिरात होत नाही. त्या कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षे तिथेच होता. २०२५च्या पहिल्या रात्री बारा बंद कंटेनरांतून तो पिथमपूरला नेण्यात आला. तेथील लोक घाबरले, रस्त्यावर आले. मग न्यायालयाच्या देखरेखीखाली तो जून अखेरपर्यंत जाळण्यात आला. या भागाचे तिकीट कोणी मागितले नव्हते.

असे असता आम्ही त्या मुलांना काय सांगावे? पुष्कळ विचार करून आम्ही प्रथम स्वतःच चित्रपटगृहात गेलो. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा लागला होता. राही बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ साली आला तेव्हा फारसा चालला नव्हता. सहा वर्षांनी मात्र त्याने पहिल्या खेपेहून अधिक प्रेक्षक खेचले. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले, आणि प्रेरणा नारायण धारप यांच्या कथेची, तेव्हा मराठीच्या शिक्षकास निमित्तही पुरेसे होते. आमच्या सौभाग्यवतींनी अर्धा चित्रपट पदराआडून पाहिला. लोभापायी पिढ्यान्‌पिढ्या एकाच विहिरीत उतरणारी माणसे पाहताना आमच्या मनात कोणता कारखाना उभा राहिला, हे सांगावयास नको. बाहेर पडलो तेव्हा आमचा जुना राग पुष्कळसा निवळला होता. खोटी भीती खऱ्या भीतीची थट्टा करीत नाही. चांगली असेल, तर तिच्याकडे पाहण्याचे बळ देते.

पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. ‘तुंबाड’ केवळ प्रौढांसाठी आहे, ‘स्त्री’ तसा नाही. चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर आता सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा वयाच्या पायऱ्याही लिहिल्या जातात. त्या जरूर पाहाव्या. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाला भीतीबरोबर एकटे सोडू नये. खोलीचे दार लावून हातातल्या इवल्या पडद्यावर भूत पाहण्यापेक्षा चारचौघांत पाहिलेले बरे. भोपाळात आजही आपण पत्ता सांगताना भारत टॉकीजचा चौक, अल्पनाचा तिठा, रंगमहालचा चौक असेच म्हणतो. जिथे माणसे एकत्र जमून हसली-भ्याली, त्या जागांची नावे शहर विसरत नाही.

२ डिसेंबर २०२४ रोजी प्रार्थनेच्या वेळी आम्ही मुलांना आमच्या आजीची ही गोष्ट सांगितली. नंतर तो मोबाइलवाला मुलगा खोलीत आला. त्याची नानी त्या रात्री जुन्या शहरातून पायी नव्या भोपाळात आली होती. कोणाच्या तरी ओसरीवर सकाळपर्यंत बसून होती. कोणाच्या, ते तिला आठवत नाही. ती ओसरी आमचीच असेल असे नाही. त्या रात्री या शहरात कितीतरी दारे उघडली. आम्ही त्या मुलाला एवढेच सांगितले, की नानीला नमस्कार कळव.

आणि शिक्षेचे म्हणाल, तर ती ऑगस्टमध्येच झाली होती. पळालेल्या मंडळींच्या वाटणीचे लाडू आमच्या शिपाईमामांनी डब्यात जपून ठेवले होते. ते आम्ही त्यांना आमच्यासमोर खावयास लावले. दोन दिवसांत ते चांगलेच कडक झाले होते.