वास्तुविशारदांसाठी परदेशी कार्य व्हिसा

वास्तुविशारदांसाठी परदेशी कार्य व्हिसा म्हणजे वास्तुविशारदाला परक्या देशात ठरावीक मुदतीपर्यंत सशुल्क काम करण्यासाठी त्या देशाच्या शासनाने दिलेली परवानगी होय. व्हिसा आणि व्यावसायिक नोंदणी या दोन स्वतंत्र बाबी आहेत. व्हिसामुळे नोकरी करता येते. मात्र अनेक देशांत ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावण्यासाठी स्थानिक नोंदणी बंधनकारक असते. ती होईपर्यंत उमेदवाराला साहाय्यक किंवा आरेखक या पदावर काम करावे लागते.

भारतातील पूर्वतयारी

भारतात वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुकला परिषद नोंदणी करते. पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो. पुण्यात कोथरूडलगतच्या कर्वेनगर येथे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे भानुबेन नानावटी वास्तुकला महिला महाविद्यालय १९९४ पासून हे शिक्षण देते. भारतीय पदवी परदेशात आपोआप समकक्ष ठरत नाही. तिचे मूल्यांकन त्या त्या देशातील संस्था करते. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल कराराचा सदस्य असल्याने परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल असलेली कागदपत्रे सदस्य देशांत सामान्यतः ग्राह्य धरली जातात.

देशनिहाय पर्याय

* अमेरिका: एच-१बी व्हिसाच्या नियमांत वास्तुकलेचा विशेष व्यवसाय म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकी पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० जागा असतात. व्हिसा प्रथम तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांचा असतो. व्यवसायाचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते.
* ब्रिटन: स्किल्ड वर्कर व्हिसासाठी प्रायोजकत्वाचा परवाना असलेला नियोक्ता व किमान वेतनाची अट असते. आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९९७ नुसार नोंदणीविना उपाधी लावणे हा गुन्हा आहे.
* जर्मनी: वास्तुविशारद हा तुटवड्याच्या व्यवसायांत मोडत असल्याने युरोपीय ब्ल्यू कार्डसाठी वेतनाची अट तुलनेने कमी असते. उपाधीसाठी संबंधित राज्याच्या वास्तुविशारद मंडळाच्या यादीत नाव असावे लागते.
* कॅनडा: २०१५ पासूनच्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत कायम वास्तव्यासाठी थेट अर्ज करता येतो. वास्तुविशारदांच्या पदवीचे मूल्यांकन कॅनेडियन आर्किटेक्चरल सर्टिफिकेशन बोर्ड करते.
* ऑस्ट्रेलिया: कौशल्याधारित व्हिसासाठी आर्किटेक्ट्स ॲक्रेडिटेशन काउन्सिल ऑफ ऑस्ट्रेलिया कौशल्याचे मूल्यांकन करते.

मर्यादा

नियोक्त्याशी जोडलेल्या व्हिसामध्ये नोकरी गेल्यास वास्तव्याचा आधारही जातो. अमेरिकेत एच-१बीधारकाला नवा नियोक्ता शोधण्यासाठी कमाल ६० दिवस मिळतात. बांधकाम क्षेत्रातील मंदीत नोकऱ्या लवकर कमी होत असल्याने वास्तुविशारदांना ही अट विशेष जाचक ठरते. कॅनडा व ऑस्ट्रेलियातील कायम वास्तव्याच्या व्हिसामध्ये हे बंधन नसते. मात्र तेथे वय, भाषा आणि अनुभव यांच्या गुणांवर निवड होत असल्याने अर्जापूर्वीच्या तयारीला अधिक काळ लागतो. वेतनाच्या अटी व शुल्क वारंवार बदलत असल्याने संबंधित शासनाची अधिकृत माहितीच अंतिम मानली जाते.