उणे साडेतीन म्हणजे काय?
अमेरिकन फुटबॉलची तोंडओळख : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण गुणांचा हिशेब पाहिला. टचडाउनचे ६, त्यानंतरच्या किकचा १ आणि फील्ड गोलचे ३. आज सामन्याआधी संघांच्या नावांपुढे दिसणारे सट्ट्याचे आकडे समजून घेऊ.

पहिला शब्द पॉइंट स्प्रेड. वरचढ मानलेला संघ म्हणजे फेव्हरिट. त्याच्यापुढे समजा उणे ३.५ लिहिलेलं असतं. दुबळा मानलेला तो अंडरडॉग. त्याच्यापुढे अधिक ३.५. फेव्हरिटवर पैसे लावणाऱ्याला तो संघ नुसता जिंकून चालत नाही, किमान ४ गुणांनी जिंकावा लागतो. अंडरडॉग ३ गुणांनी हरला, तरी त्याच्यावर पैसे लावणारा जिंकतो. स्प्रेड पूर्ण आकडा असेल आणि फरक नेमका तेवढाच पडला, तर पैसे परत मिळतात. त्याला पुश म्हणतात.

या अर्ध्या गुणाची किंमत २१ जानेवारी १९७९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात कळली. पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध डॅलस काउबॉइज. सुरुवातीला स्टीलर्स उणे ३.५ वर होते. त्यांच्यावर पैशांचा ओघ वाढला, तसा बुकींनी आकडा ४.५ पर्यंत नेला. मग लोक काउबॉइजकडे वळले. स्टीलर्स ३५–३१ असे जिंकले, म्हणजे बरोबर ४ गुणांनी. आधी स्टीलर्सवर लावणारेही जिंकले आणि नंतर काउबॉइजवर लावणारेही. बुकींना दोन्हीकडे पैसे मोजावे लागले. सट्ट्याच्या जगात तो दिवस ‘ब्लॅक संडे’ म्हणून ओळखला जातो. स्प्रेड हे निकालाचं भाकीत नव्हे, पैसा जिकडे वाहतो तिकडे सरकणारा तो भाव आहे.

दुसरा शब्द मनीलाइन. त्यात गुणांचा फरक मोजत नाहीत, फक्त कोण जिंकलं ते पाहतात. उणे १५० म्हणजे १०० डॉलर कमवायला १५० लावायचे. अधिक १३० म्हणजे १०० लावून १३० कमवायचे. ओव्हर-अंडरमध्ये दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाईल की खाली राहील, यावर पैज असते.

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द : विग, म्हणजे बुकीची दलाली. स्प्रेडच्या पैजेवर बहुधा उणे ११० हा भाव असतो. दोघांनी विरुद्ध बाजूंना ११० डॉलर लावले, तर बुकीकडे २२० जमतात. जिंकणाऱ्याला २१० जातात, १० बुकीकडे राहतात. अशा १०० पैजांपैकी तुम्ही ५२ जिंकलात, तर ५,२०० डॉलर येतात. हरलेल्या ४८ पैजांचे ५,२८० जातात. निम्म्याहून जास्त अंदाज बरोबर येऊनही ८० डॉलरचा तोटा! नुसती बरोबरी साधायलाही ५२.३८ टक्के पैजा जिंकाव्या लागतात.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सट्ट्यावरचा केंद्रीय कायदा रद्द केला. तेव्हापासून परवानगी द्यायची की नाही, हे प्रत्येक राज्य ठरवतं. भारतात मात्र २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना कळकळीने सांगतो : हे शब्द खेळाची चर्चा समजण्यासाठी शिका. पैसे लावायचा मोह झालाच, तर आधी ५२.३८ हा आकडा कागदावर लिहा आणि आपले मागचे १०० अंदाज प्रामाणिकपणे तपासा.