केसाएवढ्या आट्यांची पारख

चष्म्याची दांडी सैल झाली, की दुकानदार चिमट्याने एक बारीक स्क्रू उचलतो, दोन-चार फेरे देतो आणि काम संपते. गिऱ्हाईक चष्मा नाकावर चढवून चालू लागते. जेमतेम १.२ किंवा १.४ मिलिमीटर व्यासाच्या त्या स्क्रूवर आटे कोणी पाडले, कशाने पाडले आणि ते बरोबर आहेत हे कोणी ठरविले, हे प्रश्न कोणाला पडत नाहीत. स्क्रू बसेनासा झाला, की मात्र ते एकदम पडतात. मनगटी घड्याळ, श्रवणयंत्र, मोबाइल, दातांच्या रोपणातील जोड अशा कितीतरी वस्तू या सूक्ष्म आट्यांवर तोलून धरलेल्या असतात.

नवी मुंबईतील ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा बाहेरच्यांना ठाऊक असतो तो रासायनिक कारखान्यांसाठी आणि अलीकडच्या काळात माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारतींसाठी. परंतु रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या भागांतील गाळ्यांमध्ये लेथ आणि सीएनसी यंत्रे लावून जॉबवर्क करणारे छोटे कारखानदारही आहेत. त्यांच्या धंद्याचे स्वरूप असे, की स्क्रू एका गाळ्यात तयार होतो आणि तो ज्यात बसायचा ते भोक दुसऱ्या गाळ्यात, कदाचित दुसऱ्या राज्यात पडते. दोन्ही कारागीर एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये करार असतो तो एका पोलादी गेजचा. ते गेज चुकले, तर हजारो नगांचा लॉट परत येतो आणि छोट्या कारखानदाराचे महिन्याभराचे कष्ट पाण्यात जातात.

हा करार अस्तित्वात यायला बराच काळ लागला. पूर्वी घड्याळजी आपापली आट्यांची पट्टी बाळगत. कठीण पोलादाच्या पातळ पट्टीत लहान होत जाणारी आटेदार भोके असत. तार त्यातून फिरविली, की स्क्रू तयार. मात्र प्रत्येकाची पट्टी वेगळी असल्याने एका घड्याळजीचा स्क्रू दुसऱ्याच्या घड्याळात बसेलच, याची खात्री नव्हती. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली ५५ अंशांच्या आट्यांची पद्धत सुचविली, पण तिचा भर मोठ्या यंत्रांवर होता. लहान स्क्रूंचा प्रश्न जिनिव्हाच्या मार्क थ्यूरी याने हाती घेतला. गंमत अशी, की हा गृहस्थ पेशाने वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. प्रचलित घड्याळी स्क्रूंची मापे तपासून त्याने १८७८ मध्ये त्यांना एका सूत्रात बसविले. त्याच सूत्रावर ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने १८८४ मध्ये ‘बीए’ मालिका सुचविली. तिच्यातील शून्य क्रमांकाच्या स्क्रूचा व्यास ६ मिलिमीटर आणि पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, १ मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक क्रमांकाचा पिच आधीच्याच्या नऊ-दशांश. असे करत पंचविसाव्या क्रमांकाला व्यास पाव मिलिमीटरवर येतो.

ब्रिटिशांमागोमाग ही मालिका भारतातही आली. जुने रेडिओ, टेलिफोन आणि विद्युत उपकरणे यांच्या दुरुस्तीत टूबीए, फोरबीए, सिक्सबीए हे शब्द अनेक वर्षे रुळलेले होते. १९५६ च्या कायद्यानंतर देशाने मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने स्वीकारली तरी जुनी यंत्रे काही एका दिवसात भंगारात गेली नाहीत. त्यामुळे एक फसवणूक कायम राहिली. सिक्सबीए स्क्रू २.८ मिलिमीटरचा, पिच ०.५३, मेट्रिक एम-३ चा पिच ०.५. एक दुसऱ्याच्या भोकात सैलसर फिरतो, काही फेऱ्यांनंतर अडू लागतो आणि जोर दिला, की आटे खाऊन टाकतो. आट्यांचा कोनही वेगळा, एकाचा साडेसत्तेचाळीस अंश, दुसऱ्याचा साठ. डोळ्यांना यातले काही दिसत नाही.

आज एक मिलिमीटर आणि त्यावरच्या मापांसाठी मेट्रिक ‘एम’ मालिका आहे. घड्याळे आणि तत्सम उपकरणांसाठी ०.३ पासून १.४ मिलिमीटरपर्यंतची वेगळी सूक्ष्म मालिका ‘आयएसओ १५०१’ या मानकात दिली आहे. तिच्या मापांमागे ‘एस’ हे अक्षर लावतात. कोन दोन्हींचा साठ अंशच, पण सूक्ष्म मालिकेत आट्यांची परस्परांतील पकड थोडी उथळ ठेवली आहे, पिचच्या ०.५४ पटीऐवजी ०.४८ पट. ही सवलत कशासाठी, ते टॅप हातात घेतल्याशिवाय उमगत नाही.

भोकात आटे पाडणारे हत्यार म्हणजे टॅप आणि दांडीवर बाहेरून आटे पाडणारे ते डाय. एम-१ च्या टॅपच्या आट्यांची खोली सुमारे ०.१५ मिलिमीटर, म्हणजे दोन केसांएवढी. उरलेला गाभा ०.७ मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि त्यातही चुरा निघण्यासाठी खाचा पाडलेल्या. दांडीची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे एम-६ च्या तुलनेत एम-१ चा गाभा तीनशेहून अधिक पटींनी दुबळा ठरतो. आटे कापायला लागणारा जोर मात्र तितक्या पटींनी कमी होत नाही. लहान टॅप मोडतात याचे खरे कारण हे. कारागीर अनेकदा ‘माल हलका’ म्हणून टॅपला दोष देतात. माल हलका असूही शकतो, परंतु निम्मा दोष बहुधा भोकाचा असतो. एम-१ साठी ड्रिल ०.७५ मिलिमीटरचे घ्यायचे असते आणि आटे पाडल्यानंतर भोकाचा आतला व्यास ०.७२९ ते ०.७८५ या मर्यादेत राहायला हवा. एम-६ साठी हीच मोकळीक चौपटीहून जास्त आहे. ड्रिल थोडे बोथट, भोक थोडे तिरके, तेल थोडे कमी, यांपैकी एकच गोष्ट टॅप तोडायला पुरते. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, चुरा मोडत जायचे, हा हाताचा धडा आयटीआयमध्ये शिकवतात तो उगीच नाही.

मोडलेला टॅप काढणे हे निराळेच संकट. पोलादी भागात अडकला तर स्पार्क इरोजनच्या यंत्राला शरण जावे लागते आणि तेवढ्या खर्चात नवा भाग होतो. पितळेत मोडला, तर घड्याळजींची एक जुनी युक्ती आहे, ती तुरटीची. तुरटीच्या कढत पाण्यात भाग ठेवला, की साधे कार्बन पोलाद हळूहळू विरघळते आणि पितळेला ढक्का लागत नाही. हायस्पीड स्टीलच्या टॅपवर मात्र ती फारशी चालत नाही. यावर उपाय म्हणून मऊ धातूंत आटे कापण्याऐवजी दाबून उठविणारे खाचाविरहित टॅप वापरतात. त्यांचा गाभा भक्कम असतो आणि चुराच निघत नाही. पण त्यांना भोक मोठे लागते, हे विसरून जुनेच ड्रिल लावले, तर तेही मोडतात.

आटे पडले. आता ते बरोबर आहेत का? इथे व्हर्नियर कामाला येत नाही, कारण तो फक्त बाहेरचा व्यास सांगतो. स्क्रू आणि भोक यांची खरी गाठ पडते आट्यांच्या उतारांवर. म्हणून आट्याची जाडी आणि खाचेची रुंदी जिथे सारखी होते, तो मधला व्यास महत्त्वाचा. कारखान्यात त्याला पिच डायमीटर म्हणतात. एम-१ साठी त्याचे मूळ माप ०.८३८ मिलिमीटर. भोकात ते ०.८९४ पर्यंत चालते, त्यापुढे नाही.

ही मोकळीक तपासण्यासाठी गेजची जोडी असते. ‘गो’ गेज भोकात सहज गेले पाहिजे आणि ‘नो-गो’ जाता कामा नये. फार तर एक-दोन फेरे. या जोडीमागचा विचार इंग्लंडच्या विल्यम टेलर याने १९०५ साली मांडला. ‘गो’ गेजने सारे काही एकदम तपासावे, म्हणून त्याचे आटे पूर्ण आणि लांबी पुरेशी. ‘नो-गो’ने एका वेळी एकच गोष्ट तपासावी, म्हणून त्याचे आटे खुडलेले आणि मोजके. पिच चुकलेला असेल, तर ‘गो’ अडते. भोक सैल झाले असेल, तर ‘नो-गो’ आत शिरते. पैसे वाचविण्यासाठी केवळ ‘गो’ घेऊन भागविणारे आहेत. त्यांचा स्क्रू बसतो खरा, पण तो टिकेल की नाही, हे त्यांना ठाऊक नसते.

सूक्ष्म मापांत हे गेजच नाजूक होते. जोर लावला, तर ते टॅपसारखे कापू लागते किंवा मोडते. चुऱ्याचा एक कण राहिला, तर चांगले भोक नापास होते. स्क्रूसाठी लागणारे रिंग गेज तर अत्यंत लहान मापांत बनविणेच अवघड. म्हणून तिथे प्रोफाइल प्रोजेक्टर वापरतात. शंभर पट मोठ्या सावलीत पाव मिलिमीटरचा पिच २५ मिलिमीटर दिसतो आणि दहा मायक्रॉनची चूक एक मिलिमीटर होऊन पडद्यावर उमटते. भोकाच्या आत मात्र उजेड पोचत नाही. तिथे गेजला पर्याय थोडे. आणि गेज तपासायचे, तर त्याच्या आट्यांत तीन सारख्या तारा ठेवून वरून माप घेतात. एम-१ साठी त्या तारा सुमारे ०.१४४ मिलिमीटरच्या लागतात.

मोठ्या गेजच्या बाबतीत तापमानाची चिंता असते. मापन २० अंश सेल्सियसला धरतात. एक मिलिमीटरच्या गेजला ही चिंता जवळजवळ नाही. तापमान दहा अंशांनी वाढले, तरी ते मायक्रॉनच्या एक-दशांशाइतकेच फुगते. खाडीकाठच्या नवी मुंबईत त्याचा खरा शत्रू आहे गंज. पावसाळ्यात हवेतला ओलावा, हाताचा घाम, आणि रात्रभर टेबलावर उघडे राहिलेले गेज एवढे पुरे. उतारावर काही मायक्रॉनचा डाग पडला, की मोठ्या गेजला न कळणारी ती गोष्ट इथे मोकळिकीचा लक्षणीय हिस्सा खाऊन टाकते. वापरानंतर पुसणे, तेलाचा हात देणे आणि सिलिका जेल घातलेल्या डबीत ठेवणे, एवढी शिस्त अनेक ठिकाणी महागड्या यंत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडते. वर्षातून एकदा गेज मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावे लागते, ते निराळे. एनएबीएलची मान्यता असलेल्या अशा प्रयोगशाळांची मापे अखेर नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील प्रमाणांशी जोडलेली असतात.

झीज मात्र तेलाने थांबत नाही. ‘गो’ प्लग झिजून बारीक झाला, की अरुंद भोकेही पास करतो; ‘गो’ रिंग झिजून सैल झाली, की जाड स्क्रू पास करते. दोन्ही गाळ्यांचे कागद स्वच्छ, आणि जोडणीच्या टेबलावर स्क्रू आत जात नाही. अशा वेळी भांडण गेजवरच येते. जुन्या कारखान्यांची यावर एक रीत आहे. नवे, घट्ट ‘गो’ गेज यंत्रावरच्या कारागिराला द्यायचे आणि थोडे वापरलेले, पण मर्यादेतले, तपासनिसाने ठेवायचे. कारागिराच्या कडक गेजमधून सुटलेला नग तपासनिसाकडे सहसा अडत नाही. मर्यादेबाहेर गेलेले गेज डबीत परत ठेवायचे नसते. त्याचे आटे ग्राइंडरवर घासून टाकतात, म्हणजे घाईच्या दिवशी ते चुकून कोणाच्या हाती लागत नाही.