प्रकल्पाची परीक्षा आणि परीक्षेची तयारी

वसंतातल्या सायंकाळी परीक्षेचा विषय काढणे म्हणजे श्रोत्यांवर थोडा अन्यायच आहे. परंतु चिंचवड, आकुर्डी, भोसरीकडील पुष्कळ घरांत आज परीक्षेला बसणारा इसम हा घरातला मुलगा नसून मुलाचा बाप असतो. कोठे कोठे आईही असते. दुसरी पाळी संपवून कंपनीच्या बसने घरी यावयाचे, झाकून ठेवलेले ताट उघडावयाचे, आणि मुले निजली आहेत तोवर इंग्रजी पुस्तकाची चार पाने उलटावयाची, असा क्रम महिनोन्महिने चालतो. परीक्षेचे नाव 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल', लोकांच्या तोंडी 'पीएमपी'. फी डॉलरांत ठरलेली, नापास झाल्यास पुन्हा भरावयाची. तेव्हा तयारी नेमकी कशाची करावयाची, हे आधीच समजून घेतलेले बरे.

ही परीक्षा अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था घेते. संस्था १९६९ सालची, परीक्षा १९८४ पासूनची. चार वर्षांच्या पदवीधरास ३६ महिने आणि डिप्लोमावाल्यास ६० महिने प्रकल्प चालविल्याचा अनुभव, शिवाय ३५ तासांचे शिक्षण, अशी अट संस्थेने दीर्घकाळ ठेवली आहे. डिप्लोमावाल्यांना हा भेद बोचतो. पण दार बंद नाही, ही गोष्टही लहान नव्हे.

आता प्रकल्प म्हणजे काय? कारखान्यात जे जे चालते ते सारे प्रकल्प नव्हे. आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 'इंडिका' मोटार करावयाचे ठरविले तेव्हा निसान कंपनीचा ऑस्ट्रेलियातील बंद पडलेला कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रसामग्री उकलली, जहाजावर चढविली आणि पुण्यात आणून पुन्हा उभी केली. डिसेंबर १९९८ मध्ये गाडी बाजारात आली. ते उकलणे, आणणे, उभे करणे हा प्रकल्प. त्याला आरंभ होता, शेवट होता, आणि तसे काम तेथे पूर्वी कोणी केलेले नव्हते. पुढे रोज गाड्या बाहेर पडू लागल्या, ते उत्पादन झाले. परीक्षेचा अर्ज भरताना हाच भेद प्रथम आडवा येतो. 'मी बारा वर्षे शॉपवर आहे' या वाक्याला तेथे किंमत नाही. त्या बारा वर्षांतील कोणते काम प्रकल्पाचे होते, त्याचे उद्दिष्ट काय, आपण स्वतः काय ठरविले, शेवटी हाती काय आले, हे मोजक्या शब्दांत लिहावे लागते. काही अर्जांची तपासणी होते आणि वरिष्ठांकडून खात्री करून घेतली जाते. म्हणून दुसऱ्याचे प्रकल्प आपल्या नावावर चढविण्याच्या फंदात कोणी पडू नये. आमचा अनुभव असा की, हा अर्ज प्रामाणिकपणे लिहिण्यात जो आठवडा जातो तो अभ्यासाचा सर्वांत चांगला आठवडा होय.

खरी अडचण यापुढेच आहे. या परीक्षेत पाठ केलेल्या व्याख्या फारशा उपयोगी पडत नाहीत, आणि आश्चर्य असे की निव्वळ अनुभवही दगा देतो. समजा, चाकणच्या एका मोठ्या कारखान्यासाठी आपण वेल्डिंगची फिक्स्चरे बनवीत आहोत. गिऱ्हाइकाचा इंजिनिअर परस्पर शॉपवर येतो आणि आपल्या फिटरला सांगतो, "ही पिन जरा पाच मिलिमीटर सरकव." फिटर सरकवू लागतो. आपण प्रथम काय कराल? आपल्याकडील दोन उत्तरे ठरलेली आहेत. गिऱ्हाईक मोठे, म्हणून मुकाट्याने करून टाकावयाचे. नाही तर फिटरवर ओरडावयाचे. परीक्षेला दोन्ही मान्य नाहीत. त्या पिनेमुळे वेळ, खर्च आणि दुसऱ्या भागांवर काय परिणाम होतो हे प्रथम पाहावयाचे, मग बदलाची रीतसर नोंद करून तो ज्यांच्या अधिकारात असेल त्यांच्यापुढे मांडावयाचा. प्रश्नातील 'प्रथम' हा शब्द असा जीवघेणा असतो. आम्ही स्वतः पहिल्या सराव परीक्षेत असल्याच प्रश्नांत सपाटून आपटलो होतो, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने. म्हणून चुकलेल्या प्रश्नांची एक वही करावी. तीत बरोबर उत्तर लिहिण्याआधी आपण चुकीचे उत्तर का निवडले ते लिहावे. थोड्याच दिवसांत स्वतःची खोड कळते: कोणाला सारे साहेबांकडे ढकलण्याची, कोणाला सारे एकट्याने निस्तरण्याची.

गणित थोडेच असते, पण ते घोकू नये, समजून घ्यावे. वीस फिक्स्चरे, प्रत्येकी एक लाख रुपये, मुदत दहा आठवडे. पाच आठवडे झाले, दहा लाख खर्च झाले. मालक म्हणतो, निम्मा वेळ, निम्मा पैसा, सारे यथास्थित आहे. परंतु तयार झाली आहेत आठच! म्हणजे दहा लाख खर्चून आठ लाखांचे काम पदरात पडले. आठ भागिले दहा, ०.८. याच चालीने गेले तर वीस फिक्स्चरांना पंचवीस लाख लागतील आणि साडेबारा आठवडेही. 'अर्न्ड व्हॅल्यू' या भारदस्त नावाखाली आहे ते एवढेच. तसेच जोखीम आणि अडचण यांचे. माल घेऊन येणारा ट्रक चाकणच्या तळेगाव चौकात अडकेल, ही जोखीम. अडकला, ही अडचण. पहिलीची तरतूद आधी करावयाची, दुसरीचे निवारण लगेच करावयाचे. परीक्षा मराठीत होत नाही. पण अशा कल्पना एकदा मराठीत स्वतःला समजावून सांगता आल्या की इंग्रजी प्रश्न निम्मा सुटतो.

जानेवारी २०२१ पासून या परीक्षेने आणखी एक वळण घेतले. सुमारे निम्मे प्रश्न 'अजाइल' आणि मिश्र पद्धतीचे येऊ लागले. ही पद्धत संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींची; तिचा जाहीरनामा २००१ सालचा. सारा आराखडा आधी न आखता थोडे थोडे काम पुरे करून दाखवावयाचे, आणि गिऱ्हाइकाचे मत घेऊन पुढचे ठरवावयाचे. डाय एकदा कापली की कापली, असे ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे पोरकट वाटते. उलट हिंजवडीच्या तरुणांना हे सहज येते, पण यंत्राची मागणी नोंदवून सहा महिने वाट पाहणे म्हणजे काय ते ठाऊक नसते. एकाला जी निम्मी परीक्षा ओळखीची, ती दुसऱ्याला परकी. म्हणून चाकणच्या दोघांनी हिंजवडीचे दोघे गाठावेत आणि एकत्र बसावे, असे आम्ही सुचवितो. शिकवणीवाले 'हमखास उत्तीर्ण' अशी पाटी लावतात. तिच्यापेक्षा हा सौदा स्वस्त आणि खात्रीचा. फुटलेले प्रश्न म्हणून जे विकले जाते त्याच्या वाटेलाही जाऊ नये.

या प्रमाणपत्राने बढती मिळेलच असे आम्ही सांगणार नाही. ते घेऊनही जुन्याच खुर्चीवर बसलेले लोक आम्हांला माहीत आहेत, आणि ते नसताना उत्तम प्रकल्प उभे करणारे मिस्त्रीही. शिवाय मिळालेले प्रमाणपत्र तीन वर्षांनी नूतन करावे लागते, त्यासाठी ६० गुणांचे शिक्षण चालू ठेवावे लागते. परदेशी गिऱ्हाइकासमोर बसताना मात्र त्याची भाषा आपल्याला येते, आणि घाईने होकार देण्याआधी आपण क्षणभर थांबतो.

शेवटी बैठकीविषयी. २०२१ च्या आराखड्यात १८० प्रश्नांना २३० मिनिटे होती, म्हणजे प्रश्नाला सुमारे ७६ सेकंद. मापे अधूनमधून बदलतात. अर्ज करताना चालू आराखडा पाहून घ्यावा. एवढा वेळ एका जागी बसून वाचण्याची सवय शॉपवर उभे राहणाऱ्याला नसते. आपल्याकडे कारखान्यांची सुट्टी बहुधा गुरुवारी. तेव्हा शेवटचे चार-पाच गुरुवार सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, घड्याळ लावून संपूर्ण परीक्षा द्यावी. त्या आराखड्यात साठ-साठ प्रश्नांनंतर दहा मिनिटांची विश्रांती असे, आणि विश्रांतीला उठल्यावर मागच्या साठांकडे परत जाता येत नसे. घरच्या सरावातही हा नियम पाळावा. चहा घ्यावा, पण मागचे पान उलटू नये.