एडनव्हेलचा प्रामाणिक तोतया

पुण्याहून कात्रजचा घाट उतरून साताऱ्याकडे निघालेल्या प्रवाशाला, खेड-शिवापूर मागे टाकल्यावर आणि नसरापूरचा फाटा येण्यापूर्वी, महामार्गालगत जे वरवे बुद्रुक लागते ते माझे गाव. आणि ‘बुद्रुक’ म्हणजे फारसीतील ‘बुजुर्ग’, अर्थात थोरले, एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला शेजारी धाकटे, म्हणजे खुर्द, वरवेही असणार हे वेगळे सांगावे लागत नाही. अस्सल कोणते आणि त्याची प्रत कोणती हा प्रश्न आम्हा भोर तालुक्यातील माणसांना असा नावापासूनच चिकटलेला आहे. पुढे कापूरहोळवरून डावीकडे वळले की केतकावळ्याला तिरुपतीच्या मंदिराची हुबेहूब प्रतिकृती उभी आहे. लोक तिला ‘प्रतिबालाजी’ म्हणतात, आणि ‘प्रति’ हा उपसर्ग मुखाने उच्चारूनही हात मात्र अस्सल देवालाच जोडतात. उलट पश्चिमेस राजगडावर जावे, तर तेथे वाड्यांची जोतीच तेवढी उरलेली. पण त्या जोत्यांवर कोणी नवा वाडा चढवावा असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात येत नाही, कारण जोते आहे तोवर वाडा पुरता गेलेला नसतो.

ही सारी प्रस्तावना एका विमानासाठी आहे, आणि ते विमान वरव्यापासून सात समुद्रांपलीकडे, कॅनडातील ओंटारियो प्रांतात आहे. मुलीकडे टोरांटोजवळ उन्हाळ्यापुरता मुक्कामाला गेलो असताना, नायगारा पाहून झाल्यावर आणि मॉलमध्ये हिंडण्याचा पुरेसा कंटाळा आल्यावर, जावयांनी एका रविवारी मोटार उत्तरेकडे काढली. बॅरी नावाच्या शहरावरून पश्चिमेस स्टेनरकडे जाणाऱ्या 26 क्रमांकाच्या रस्त्यावर, सपाट शेतांच्या मधोमध, एडनव्हेल नावाचे छोटे विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या बोर्डन येथील वैमानिक-शिक्षणतळाची पूरक धावपट्टी म्हणून ते बांधले गेले. युद्ध संपल्यावर त्याच धावपट्ट्यांवर मोटारींच्या शर्यती होत. आणि आज तेथे हौशी वैमानिकांची लहान विमाने असतात. त्या चिमण्यांच्या थव्यात गरुड बसावा तसे एक पांढरे, त्रिकोणी पंखांचे, सुमारे 78 फूट लांब आणि 50 फूट रुंद विमान आहे. ते कधी उडाले नाही आणि कधी उडणारही नाही, कारण ते विमान नव्हे. ‘ॲव्हरो ॲरो’ या विमानाची ती पूर्णाकृती प्रतिकृती आहे.

मूळ ॲरो, म्हणजे बाण, हा टोरांटोलगतच्या मॉल्टन येथील ॲव्हरो कंपनीच्या कारखान्यात घडला. (त्या मॉल्टनमध्ये आज इतकी पंजाबी वस्ती आहे, की जिलबीसाठी फार हिंडावे लागत नाही.) उत्तर ध्रुवावरून येणाऱ्या सोव्हिएत बाँबफेकी विमानांना वाटेतच अडवावे म्हणून कॅनडाने हे विमान स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या पैशाने रचले. 4 ऑक्टोबर 1957 रोजी हजारो लोकांसमक्ष ते कारखान्याबाहेर आणले गेले, आणि दैवगती अशी, की नेमक्या त्याच दिवशी रशियाने स्पुटनिक अंतराळात सोडून वर्तमानपत्रांची पहिली पाने बळकावली. 25 मार्च 1958 रोजी यानूश झुराकोव्स्की या पोलिश वैमानिकाने त्याचे पहिले उड्डाण केले. एकंदर पाच विमाने उडाली. त्यांनी ध्वनीच्या जवळजवळ दुप्पट वेग गाठला, आणि तोही उसन्या अमेरिकन इंजिनांवर. ‘इरॉक्वॉय’ नावाचे अधिक बलाढ्य स्वदेशी इंजिन ज्यात बसायचे होते, ते सहावे विमान पूर्णत्वाच्या बेतात होते.

आणि 20 फेब्रुवारी 1959 रोजी, एका शुक्रवारी, पंतप्रधान डीफेनबेकर यांनी सारा प्रकल्पच बरखास्त केला. खर्च डोईजड झाला होता, परदेशी गिऱ्हाईक मिळत नव्हते, आणि क्षेपणास्त्रांच्या युगात अडविणारी विमाने हवीतच कशाला हा तत्कालीन मुत्सद्द्यांचा प्रश्न अगदीच अडाणीपणाचा नव्हता. एवढे न्यायबुद्धीने म्हटले पाहिजे. पण त्याच दिवशी कारखान्यातील सुमारे 14,000 माणसे घरी बसली, आणि जिम चेंबरलिन यांच्यासह तीसेक अभियंते पुढे अमेरिकेच्या अंतराळ-खात्यात जाऊन तेथील यानांच्या कामी लागले. प्रकल्प रद्द होणे ही राज्यकारभारातील नित्याची गोष्ट आहे. त्यानंतर जे घडले ते मात्र नित्याचे नव्हे: तयार विमाने, अर्धवट सांगाडे, साचे, हत्यारे, नकाशे, सारे नष्ट करण्याचा हुकूम सुटला, आणि ज्या विमानांनी आकाश पाहिले होते त्यांचे धातूच्या भंगारात तुकडे झाले. जोतेसुद्धा राहू दिले नाही.

मराठी वाचकाला येथे पानिपत आठवल्यावाचून राहणार नाही. सदाशिवरावभाऊ रणात पडले, पण त्यांच्या देहाविषयी निःशंक खात्री पटली नाही. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य मानले नाही, आणि मग लोकांच्या त्या अतृप्त आशेच्या जोरावर तोतया उभा राहिला, त्याने 1776 साली कोकणातले किल्ले हां हां म्हणता आपलेसे केले, आणि शेवटी पुणे दरबाराला त्यास देहान्त शासन द्यावे लागले. शव दिसले नाही की तोतया येतोच, मग तो मनुष्याचा असो की यंत्राचा. कॅनडातही सहा दशके अशी दंतकथा चालत आली, की एक ॲरो कोणीतरी रातोरात उडवून नेला आणि कोठल्या तरी कोठारात तो झाकून ठेवलेला आहे. एडनव्हेलचे विमान हाही तोतयाच. फरक एवढाच, की हा आपण तोतया असल्याचे स्वमुखाने सांगतो, म्हणून त्याचा राग येत नाही.

त्याची जन्मकथा टोरांटोतील डाउन्सव्ह्यू येथे, डी हॅविलँड कंपनीच्या 1929 सालच्या जुन्या इमारतीतील संग्रहालयात घडली. स्वयंसेवकांनी, आणि त्यांत ॲव्हरो कारखान्यात उमेदीची वर्षे घालविलेले काही वृद्धही होते, वर्षानुवर्षे खपून वाचलेल्या आराखड्यांवरून आणि छायाचित्रांवरून पोलादी सांगाडा उभारला, त्यावर धातूचा पत्रा चढविला, आणि 2006 मध्ये तो लोकांसमोर आणला. त्याच्या अंगावर 203 हा तिसऱ्या विमानाचा क्रमांक आहे. ज्यांचे काम एका दुपारी काढून घेतले गेले, त्यांनीच उतारवयात, विनामोबदला, ते पुन्हा हाती घेतले. या एका गोष्टीपुढे विमान उडते की नाही ही चौकशी मला क्षुद्र वाटली. पण तोतयाच्याही नशिबी स्वस्थता नव्हती. 2011 मध्ये संग्रहालयाला ती सरकारी मालकीची जागा खाली करण्याची नोटीस आली. ॲरोचे भाग सुटे करून साठवणीत ठेवावे लागले, आणि कित्येक वर्षांच्या विजनवासानंतर एडनव्हेलने त्याला आसरा दिला. सरकारी कागदाने बेघर होण्याचा वारसासुद्धा प्रतिकृतीने मुळाकडून इमानाने घेतला म्हणायचा! आल्बर्टातही एक पूर्णाकृती ॲरो आहे. ॲलन जॅक्सन यांनी हौसेने आरंभिलेली ती प्रतिकृती पुढे 1997 च्या एका दूरचित्रवाणी-मालिकेत झळकली.

परतताना माझ्या मनात आपले ‘मारुत’ हे लढाऊ विमान घोळत होते. ज्या बंगळूरच्या कारखान्यात आपले विष्णु माधव घाटगे यांनी 1951 साली एच.टी.-2 हे शिक्षणविमान सिद्ध केले, तेथेच 1956 मध्ये जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक आले आणि मारुतची आखणी सुरू झाली. आमच्याकडे क्रम उलटा: प्रतिकृती आधी आणि अस्सल मागून. 1959 मध्ये मारुतच्या पूर्ण मापाचे लाकडी, इंजिनरहित विमान बनवून, डाकोटा विमानामागे दोराने ओढून ते आकाशात नेले, वैमानिकाने ते तरंगत खाली आणले, आणि त्यावरून धडे घेऊन 17 जून 1961 रोजी खरे मारुत उडाले. इंजिनाने मात्र त्यालाही दगा दिला. ज्याच्या भरवशावर ते आखले होते ते इंग्रजी इंजिन विकसितच झाले नाही, आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचे स्वप्न ध्वनिवेगाच्या उंबरठ्यावरच थबकले. तरीही 147 मारुत बांधले गेले, 1971 च्या युद्धात राजस्थानच्या वाळवंटावर लढले, आणि निवृत्त झाल्यावर कोणी त्यांचे नामोनिशाण पुसण्याचा हुकूम काढला नाही. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक अस्सल मारुत उभे आहे, आणि त्याच्यासमोरून शाळेची मुले डबे उघडण्याच्या घाईत पुढे निघून जातात. अस्सल जवळ असले म्हणजे असेच होते.

टोरांटोच्या विमानतळापासून एडनव्हेल सुमारे 100 किलोमीटरांवर आहे. मुलाबाळांकडे गेलेल्या मराठी आईवडिलांनी हिवाळा टाळून, आधी चौकशी करून, अर्धा दिवस काढावा. अस्सलाचा अवशेषच पाहण्याचा हट्ट असेल तर ओटावाच्या विमान-संग्रहालयात जावे: तेथे सहाव्या, कधीच न उडालेल्या ॲरोचे नाक आणि वैमानिकाची बैठक जपून ठेवली आहे, आणि पुढचा भाग जेथे कापला गेला तेथे विमान संपते.