शुगर, स्टेरॉइड आणि म्युकर

2021च्या एप्रिलात पंढरपूर पोटनिवडणुकीच्या सभा गाजत होत्या आणि इकडे सोलापुरात कोविड रुग्णांच्या खाटांसाठी धावपळ चालली होती. शुक्रवार पेठेत तेव्हा एकाच्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवरून दहा घरांत फिरायचा. त्यात डेक्सा नाहीतर मेड्रॉल, म्हणजे स्टेरॉइड असायचंच. ऑक्सिजन लागलेल्या रुग्णाला स्टेरॉइड तारतं, हे जून 2020मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं होतं. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना फायदा दिसला नव्हता. हे दुसरं वाक्य पेठेपर्यंत पोचलंच नाही. अंगात कणकण आली, की गोळ्या सुरू.

मे महिन्यात त्याचे परिणाम दिसू लागले. कोविडमधून उठलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल दुखायचा, नाक चोंदायचं, वरचे दात हलायचे. दातच हलतायत म्हणून आधी डेंटिस्टकडे, आणि त्यात चार दिवस जायचे. हा आजार म्युकर नावाच्या बुरशीचा. ही बुरशी मातीत, शिळ्या पावावर, हवेत कुठेही असते. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी तिला थारा देत नाहीत. स्टेरॉइडने या पेशी ढिल्या पडतात, शुगरही चढते. मधुमेह पार हाताबाहेर जाऊन रक्तात आम्ल वाढलं, की बुरशीला हवं असलेलं लोह मोकळं होतं. मग ती रक्तवाहिन्यांत घुसते, गुठळ्या होतात, पुढचा भाग मरून काळा पडतो. तिथे रक्तच पोचत नाही, तर औषध कुठून पोचणार? म्हणून टाळू, जबडा, कधी डोळासुद्धा काढावा लागायचा.

ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या इंजेक्शनचा हिशेब तर घरच्यांना तोंडपाठ झाला होता. किलोमागे 5 मिलिग्रॅम, एका वायलमध्ये 50. म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 6 वायल, तेही काही आठवडे. एकेक वायल हजारोंची, आणि पैसे असले तरी दुकानात नाही. केंद्राने मेमध्ये राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली आणायला सांगितलं, वर्ध्यात इंजेक्शनचं उत्पादन सुरू झालं, जूनमध्ये त्यावरचा जीएसटी माफ झाला. जुलैपर्यंत देशात 45 हजारांवर रुग्ण आणि 4,300हून अधिक मृत्यू नोंदले गेले. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात, नऊ हजारांवर.

इंजेक्शनसाठी सगळ्यांनी आकाशपाताळ एक केलं. त्याच्या शतांशाने धडपड बोटातून थेंबभर रक्त काढून शुगर बघण्यासाठी झाली असती, तर कितीतरी टाळू शाबूत राहिले असते, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टेरॉइड चालू असताना घरी रोज शुगर मोजा, हे त्या चिठ्ठ्यांवर क्वचितच लिहिलेलं असे.

जे वाचले, त्यातल्या अनेकांना कृत्रिम टाळू बसवल्याशिवाय घोट गिळता येत नाही. पाणी नाकातून येतं. कृत्रिम टाळूची ही पट्टी रोज काढून धुवावी लागते, सैल झाली की दुरुस्त करून घ्यावी लागते.

कोविडच्या आधीही म्युकरचं प्रमाण भारतात जगाच्या कितीतरी पट होतं. मूत्रपिंड बदललेले, केमो चालू असलेले, अनियंत्रित मधुमेहाचे रुग्ण त्याला तेव्हाही बळी पडत आणि आजही पडतात. ऑक्टोबर 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. तिच्यातल्या 19 नावांत म्युकरचा गट आहे.