चित्रपटाची पाठचिकित्सा : पी. के. नायर यांचे कार्य

जुन्या ग्रंथाचे संपादन करावयाचे झाल्यास प्रथम त्याच्या पोथ्या मिळवाव्या लागतात, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे पाहावे लागते, आणि मगच पाठ ठरविता येतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच रीतीने सिद्ध केली. ते कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. ते अखेरच्या टप्प्यात असतानाच पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट अभिलेखागार स्थापन झाले. पोथीप्रमाणे चित्रपटालाही वंशावळ असते आणि ती लावल्यावाचून त्याचा अभ्यास पक्क्या पायावर उभा राहत नाही, हे या संस्थेचे अभिरक्षक परमेश कृष्णन नायर (१९३३–२०१६) यांच्या कार्यावरून ध्यानात येते.

नायर मूळचे तिरुवनंतपुरमचे. प्रभात कंपनीच्या जागेत सुरू झालेल्या चित्रपट शिक्षणसंस्थेत ते १९६१ मध्ये संशोधन साहाय्यक म्हणून आले, १९६५ मध्ये अभिलेखागाराचे सहायक अभिरक्षक झाले, आणि १९८२ पासून १९९१ मधील निवृत्तीपर्यंत संचालकपदी होते. त्यांच्या कारकिर्दीत संग्रह सुमारे बारा हजार चित्रपटांपर्यंत गेला. पडद्याकडे डोळे लावून अंधारातच वहीत टिपणे घेण्याची त्यांची सवय प्रसिद्ध आहे.

पोथीला वाळवी लागते. चित्रपटाचा शत्रू मात्र त्याच्या द्रव्यातच असतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती कालांतराने चिकट होते, पुढे तिची भुकटी होते, आणि एकदा पेटली की विझविणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय तिच्या लेपात चांदी असल्याने जुनी रिळे धुऊन ती काढून घेण्याचा व्यवहारही चाले. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले; त्यांतील फारच थोडे, तेही बहुधा खंडित स्वरूपात, शिल्लक आहेत. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही.

अशा स्थितीत दादासाहेब फाळके यांचे जे चित्रपट आज पाहावयास मिळतात, त्याचे श्रेय मुख्यतः नायर यांच्या शोधास द्यावे लागते. फाळके यांचे निधन १९४४ मध्ये नाशिक येथे झाले होते. त्यांच्या कुटुंबीयांकडे उरलेली रिळे नायर यांनी मिळविली. ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटाचे तुकडे फाळके यांच्या हस्तलिखित टिपणांच्या आधारे क्रमाने लावण्यात आले. प्रतींवरून पाठ सिद्ध करण्याचाच हा प्रकार होय.

‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचा प्रश्न अधिक बिकट आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झालेला हा चित्रपट चार रिळांचा होता. त्यांपैकी पहिले व शेवटचे अशी दोनच उपलब्ध आहेत. परंतु ती १९१३ चीच आहेत काय? फाळके यांनी १९१७ मध्ये हीच कथा पुन्हा चित्रित केली होती, आणि उपलब्ध रिळे त्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असे काही इतिहासकारांचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास पहिल्या भारतीय कथापटाविषयी या रिळांवरून केलेली अनेक विधाने पुन्हा तपासावी लागतील. पाठ निश्चित होण्यापूर्वीच भाष्य लिहिले गेल्याचे हे उदाहरण आहे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकास ते नवे वाटू नये.

केवळ श्रेष्ठ चित्रपट जपावेत, सामान्य टाकून द्यावेत, हे नायर यांना मान्य नव्हते. रसिकास हा हट्ट वाटेल. भाषेच्या अभ्यासकास मात्र तो अत्यंत उपकारक आहे. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मधील रंगभूमीच्या वळणाची मराठी आणि ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील अधिक बोलीसुलभ मराठी यांतील अंतर कोणत्याही व्याकरणग्रंथात सापडणार नाही. ते कानांनीच टिपावे लागते. पात्राच्या एखाद्या ओझरत्या उद्गारातला आघात कित्येकदा दुय्यम चित्रपटातच अधिक मोकळा ऐकू येतो.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटवरील अनेक मूळ रिळे नष्ट झाली. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरविल्या होत्या, त्या चित्रपटांचा आशय वाचला. पण प्रत पडताळून पाहावयास लागणारा मूळ आधार गेला. अभिलेखागार २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले असून जुन्या चित्रपटांचे अंकीय रूपांतर तेथे चालू आहे. या तंत्राने ओरखडे पुसता येतात, फिके पडलेले चित्र उजळता येते. मात्र रूपांतरासाठी कोणते रीळ प्रमाण मानले, कोठे जोड दिला आणि काय पुसले, याची नोंद प्रत्येक प्रतीसोबत राहिली तरच पुढील संशोधकास त्या प्रतीवरून मागे मूळ रिळापर्यंत जाता येईल.